चंदेरी रंगाचे दोन हात

जिथं रंग लावायचा नसतो तिथं मी रंग लावला. चूक एवढीच, आणि ती माझी. जीपच्या अल्टरनेटरला दोन कान असतात. त्यांतून बोल्ट घालून तो इंजिनाला बांधतात. त्या कानांना मी चंदेरी रंगाचे दोन हात दिले, वाळू दिले आणि अल्टरनेटर गाडीवर चढवला. पुढं जे झालं ते त्यामुळं झालं आणि त्याची शिक्षा दुसऱ्या माणसानं भोगली. मला हे त्याच आठवड्यात कळलं होतं. कळूनही मी बोललो नाही. त्याला मात्र चूक म्हणता येणार नाही. चूक नकळत होते. ते मी कळून केलं.

यंदाचा उन्हाळा पुन्हा तसाच आला म्हणून हे सगळं वर आलं. युसूफ वडगावच्या बाजाराच्या रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, पत्र्याचं. फाल्गुनातच विहिरी खडखडल्या, चैत्रात टँकर सुरू झाले, आणि आता तो वारा सुटलाय जो रस्त्यावरची माती उचलतो, दुकानात आणतो, ग्रीसच्या डब्यात बसवतो. मी झाकण लावलं की माती आतच. एकच बेअरिंग सहाव्यांदा पुसताना माझा संताप होतो आणि तो काढायला समोर कुणी नसतं. गिऱ्हाईकही नसतं. दुष्काळात गाड्या बिघडत नाहीत असं नाही; लोक बिघडलेल्या गाड्या तशाच उभ्या ठेवतात.

अशा एका दुपारी आमच्या गावच्या दूध संस्थेचा चेअरमन अमोल आला. हा जुन्या चेअरमनचा, म्हणजे आबांचा, मुलगा. आबा जाऊन सहा वर्षं झाली. अमोलनं पिशवीतून एक काळं, चिकट, वीट घातल्यासारखं जड गाठोडं काढून बाकड्यावर ठेवलं. म्हणाला, काका, संस्थेची जुनी जीप डेअरीमागं बाभळीत पडलेली होती ना, ती मी नवी करतोय. इंजिन दुसरीकडं दिलंय, डायनामो तुमच्याकडं. आतलं तर बघाच, पण बॉडी अशी करा की बॉनेट उघडलं की माणूस बघत राहिला पाहिजे.

आमच्याकडं अल्टरनेटरला अजून सगळे डायनामोच म्हणतात. मी तीस वर्षं दुरुस्त करतोय, गाड्यांतला डायनामो जाऊन किती काळ झाला हे तीस वर्षं सांगतोय, आणि तीस वर्षं लोक मान हलवून पुन्हा डायनामोच म्हणतात. पण त्या दिवशी मी अमोलला काही सांगितलं नाही. मी नखानं त्या वस्तूवरचं ग्रीस खरवडलं. खाली चंदेरी रंग होता. माझाच.

मग ते उघडणं. लोक म्हणतात बॉडी नवी कर, जसं काही भांडं घासायचंय. बॉडी नवी करायची तर आधी पोट रिकामं करावं लागतं. पुलीचा नट सोडवायचा, पंखा काढायचा, मागच्या बाजूचे कार्बन जपून बाहेर घ्यायचे. दिसायला ते पेन्सिलीच्या तुकड्यासारखे आणि स्वभावानं काचेसारखे. मग चार लांब बोल्ट, ज्यांनी बॉडीची दोन्ही टोपणं एकमेकांना धरलेली असतात. बोल्ट लोखंडाचे, टोपणं अल्युमिनियमची. वीसेक वर्षं दोन वेगळ्या धातूंनी एकमेकांना धरून ठेवलं की त्यांच्यात पांढरी बुरशी धरते आणि मग ते सोडायला तयार होत नाहीत. दोन बोल्ट सुटले. तिसरा रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवून, चिमणीनं तापवून, शिव्या देऊन सुटला. चौथ्याचं डोकं तुटलं. उरलेलं देठ आत. ते बाहेर काढायला मी अर्धा दिवस घालवला आणि त्या अर्ध्या दिवसात मी त्या बोल्टला, त्याच्या कारखान्याला, वाऱ्याला, अमोलला आणि बाभळीला जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. खरं म्हणजे मी कुणाला बोलत होतो ते मला ठाऊक होतं. तो बोल्ट शेवटचा आवळणारा मीच होतो.

टोपणं वेगळी झाली तेव्हा मी ती उजेडात धरली. कानांवर, जिथं ते इंजिनाला टेकतात तिथं, रंग नव्हता. तिथं कानशीचे आडवेतिडवे ओरखडे होते. घाईनं मारलेले, चोरासारखे. ते ओरखडे मी कुठं मारले, कुणाच्या समोर मारले, सगळं आठवलं.

*

तो उन्हाळाही असाच होता. गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी पडली होती आणि अर्धं गाव जनावरांबरोबर तिथंच राहायला गेलं होतं. हिरव्या जाळीचे, जुन्या लुगड्यांचे आडोसे. त्यांच्या सावलीत दावणीला म्हशी, गाई, बैल. शिंगांवर ऑइलपेंटनं टाकलेले नंबर. दुसऱ्या तालुक्यांतून उसाचे वाढे ट्रकनं यायचे. आमच्याकडची माणसं थंडीत दूरच्या फडात जाऊन जो ऊस तोडतात, त्याचं हिरवं उन्हाळ्यात आमच्याच जनावरांना चारा म्हणून यायचं. बायका दिवसभर विळ्यानं ते बारीक करत बसायच्या. त्याचा गोडसर, आंबूस वास, त्यात शेणाचा, त्यात टँकरच्या सांडलेल्या पाण्याचा. आजही बाजारात रसवंतीसमोर उभा राहिलो की मला उसाचा नाही, छावणीचा वास येतो.

त्या साली शेतातून काही येणार नव्हतं. घरात काय यायचं ते दुधाचं. म्हणून संस्थेची जीप हे गावातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाहन होतं. कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातली ती जुनी पेट्रोल जीप. तिचा मूळचा डायनामो काढून कुणीतरी त्या जागी अल्टरनेटर जोडून बसवलेला. सकाळी सहाला छावणीतून आणि वस्त्यांवरून दुधाचे कॅन भरायचे आणि ऊन चढायच्या आत शीतकरण केंद्रावर पोचायचं.

जीप शेषेरावनाना चालवायचे. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, उंच, हडकुळे, खांद्यावर पंचा. बोलणं कमी. गाडी चालू करायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून पाया पडायचे, मग आरशातली माती पंचानं पुसायचे, मग चाबी. कॅन आपटू नये म्हणून खालून गोणपाट आणि वर ओलं पोतं. त्यांच्या बायकोनं, सुभद्रावहिनीनं, घरी दोन म्हशी सांभाळलेल्या. गावातली बरीच घरं दिवाळीच्या आधी कोयते घेऊन ऊसतोडीला जायची. शेषेरावनानांना ड्रायव्हर असल्यामुळं कधी जावं लागलं नव्हतं.

जीपच्या अल्टरनेटरचं बेअरिंग वाजायला लागलं होतं. बेअरिंग बदलणं तासाभराचं काम. नवं बेअरिंग घातलं, कार्बन पाहिले, झालं. पण त्या दिवसांत मला दुसरं कामच नव्हतं. आणि चार दिवसांनी एक मोठे साहेब छावणी बघायला येणार होते. आबांनी त्यांना जीपमधून माळावर फिरवायचं ठरवलं होतं. छावणीच्या कमानीला लावायला आणलेल्या चंदेरी रंगाचा अर्धा डबा माझ्याकडं उरलेला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी बॉडी नवी करायला घेतली. रॉकेलनं धुतली, तारेच्या ब्रशनं घासली, पॉलिश पेपर मारला आणि रंग दिला. सगळीकडं दिला. कानांना, बोल्टांना, वायसरांना, वरून धरणाऱ्या पट्टीलासुद्धा.

बीडला ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "जां लोहा लोहेकू लगता, वां रंग नक्को." अल्टरनेटरमधून वीज एका वायरनं निघते, पण तिला परत यायची वाट लागते, आणि या जीपमध्ये ती वाट म्हणजे ते दोन कान होते. दुसरी वायरच नव्हती. हे मला माहीत नव्हतं का? झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्या साली सगळं मातकट होतं. झाडं, भिंती, माणसांच्या पापण्या. हातात एक वस्तू चमकत होती आणि तिचा एक कोपरा मळकट ठेवावा असं मला वाटेना. मी स्वतःला समजावलं, बोल्ट आवळला की रंग चिरडतोच. दुसरा हात दिला तेव्हा हेसुद्धा समजावलं नाही.

आबांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "लई चमकतंय बे." त्या तीन शब्दांवर मी दिवसभर हवेत होतो.

साहेब आले, जीपमध्ये बसून माळभर फिरले, गेले. बॉनेट कुणी उघडलं नाही.

साहेबांच्या भेटीच्या आदल्या दिवशीच शेषेरावनाना दुकानावर आले होते. मी रेडिओ उघडून बसलो होतो. ते म्हणाले, "इष्णू, चाबी फिरवली की लाल दिवा लागतो ना, त्यो लागत न्हाई आता." मी मान वर केली नाही. बल्ब गेला असंल, बदलू सवडीनं, म्हणालो. "तू डायनामो बसवल्यापासून लागत न्हाई," नाना म्हणाले. मला राग आला. दोन दिवस खपून मी ती बॉडी केली आणि हा माणूस त्यात खोट काढतोय. मी म्हटलं, नाना, दिवा वेगळा, डायनामो वेगळा. तुम्ही गाडी चालवा.

दिवा वेगळा नसतो. तो लागत नाही म्हणजे आतली वाट तुटली आहे, हे सांगण्यासाठीच तो असतो.

साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, केंद्रापासून निम्म्या वाटेवर जीप बंद पडली. तीन दिवस ती नुसत्या बॅटरीवर धावत होती आणि बॅटरी संपली. पेट्रोलची गाडी, बॅटरीत जीव नसला की ढकलूनही चालू होत नाही. मोबाईल तेव्हा आमच्या गावात फक्त आबांकडं. एका सायकलवाल्याच्या हाती निरोप गावात येईपर्यंत साडेदहा झाले. मी भरलेली बॅटरी मोटारसायकलला बांधून तिथं पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्याकडेच्या निंबाखाली जीप, आणि शेषेरावनाना कॅनवरच्या पोत्यांवर स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी शिंपडत होते. एका कॅनचं झाकण उचलून त्यांनी मला दाखवलं. दूध फाटलं होतं. वास यायला लागला होता.

मी बॅटरी जोडली, गाडी चालू केली. अल्टरनेटर फिरत होता, पण बॅटरीला काही देत नव्हता. मग मी एक वायर घेतली, अल्टरनेटरच्या बॉडीवरचा रंग जरासा खरवडून तिचं एक टोक तिथं धरलं आणि दुसरं बॅटरीच्या उणे टोकाला लावलं. ठिणगी उडाली आणि इंजिनाचा आवाज जरा खाली बसला, ओझं उचलल्यासारखा. त्या आवाजानं मला सगळं सांगितलं.

मी गाडी बंद केली, बोल्ट सोडले आणि कानशीनं कानांवरचा रंग घासायला लागलो. भराभर. चंदेरी कीस बंपरवर पडत होता, तो मी हातानं उडवत होतो. पुन्हा बसवून मी म्हटलं, नाना, चाबी फिरवा. त्यांनी फिरवली. लाल दिवा लागला. ते त्या दिव्याकडं बघत राहिले. मग बाजूनं डोकावून माझ्याकडं बघत म्हणाले, "बल्ब बदललास व्हय?"

मी म्हणालो, "हं."

बारा कॅन दूध आम्ही दोघांनी त्या रस्त्याच्या कडेला ओतलं. जमीन इतकी तापलेली की ते मुरताना चर्र आवाज यायचा. घराघरातल्या बायकांनी वाढे बारीक करून करून काढलेलं ते दूध. शेषेरावनानांनी प्रत्येक कॅन ओतायच्या आधी क्षणभर थांबून हात जोडले. मी जोडले नाहीत. मला ते हात जोडणं सहन होईना, चीड आली. आजही आठवलं की त्यांची नाही, माझ्या त्या चिडीची शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी संस्थेत संचालकांची बैठक बसली. लोक तापले होते आणि ते बरोबर होतं. कुणी म्हणालं ड्रायव्हर छावणीत टेप लावून बसतो, कुणी म्हणालं दिवे चालू ठेवून गाडीत झोपतो. आबांनी मला उभं केलं, कारण गावात विजेचं कळणारा मीच. विचारलं, डायनामो ठीक होता का? मी म्हणालो, मी दिला तवा ठीक होता. मग बॅटरी कशी काय उतरली? शेषेरावनाना दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनंतीही नव्हती. ते नुसते वाट बघत होते. मी म्हणालो, "दिवे चालू राहिले असतील."

असतील. मी 'राहिले' असं म्हणालो नाही, 'राहिले असतील' म्हणालो. कितीतरी वर्षं मी त्या 'असतील'चा आधार घेऊन जगलो. सचिवानं वहीत ते काढून टाकलं. तिथं लिहिलं गेलं की चालकाच्या निष्काळजीपणामुळं दिवे चालू राहून बॅटरी उतरली, सबब चालकास कमी करण्यात यावे.

*

त्या दिवाळीच्या आधी शेषेरावनाना आणि सुभद्रावहिनी पहिल्यांदा ऊसतोडीला गेले. म्हशी विकल्या गेल्या. ट्रक बाजारातून, माझ्या दुकानावरून गेला. चूल, पातेली, गोधड्या, वर माणसं. वहिनी मोळ्या बांधायच्या दोऱ्या मांडीवर घेऊन पाठमोऱ्या बसल्या होत्या. नानांनी मला हात केला. मी बाकड्याखाली काहीतरी पडल्यासारखं वाकलो.

आठ हंगाम ते गेले. परत यायचे तेव्हा दर वर्षी जरा जास्त वाकलेले. आणि मला सगळ्यांत असह्य व्हायचं ते हे, की ते माझ्याकडं गिऱ्हाईक पाठवायचे. उमापूरहून, तलवाड्याहून ऊसतोडीच्या ट्रकचे ड्रायव्हर यायचे आणि म्हणायचे, शेषेरावनी सांगितलं, वायरिंग करायची तर इष्णूकडंच. मी त्या गाड्यांवर नको तितकं राबायचो. वायरींची टोकं दोनदोनदा डाग देऊन पक्की करायचो. गावात जत्रेत भेटले की 'काय इष्णू, बरंय का' म्हणायचे. मी त्यांना टाळायला रस्ता बदलायचो आणि बदललेल्या रस्त्यावर नेमके तेच भेटायचे. गाव केवढं, रस्ते किती. अरे, एकदा तरी शिवी द्या की! नाहीच.

यंदा ते टोपण हातात घेऊन बसलो तेव्हा मला वाटलं, आता पुरे. दुकान अर्धं उघडं टाकून मी भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर नाना चप्पल शिवत होते, वहिनी सुपात ज्वारी घेऊन बसल्या होत्या. मी वाटेत सगळं जुळवून नेलं होतं. तिथं गेल्यावर सुरुवातच सापडेना. शेवटी म्हणालो, नाना, त्या साली जीप बंद पडली, ती माझ्यामुळं.

नानांनी दाभण खाली ठेवलं नाही. "ठावं हाय," म्हणाले.

मी म्हटलं, कधीपासून?

"त्याच दिवशी. बल्ब असतोय डॅशबोर्डच्या मागं, इष्णू. तू तर बॉनेटात व्हतास."

आणि मग, माफी मागायला गेलेला मी, चक्क चिडलो. म्हणालो, मग तुम्ही बैठकीत बोलला कावून न्हाई? ते म्हणाले, ड्रायव्हर आपलं मिस्त्रीवर ढकलतोय असं म्हणले असते लोक. "अन् मला वाटलं, तू बोलशील. आज न्हाई तर उद्या." त्यांनी दोरा दातानं तोडला. "लई वाट बघायला लावलीस."

मी त्यांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं. म्हणाले, मला सांगून काय उपयोग, मला तर ठावंच हाय. चहा घे.

वहिनी इतका वेळ सूप हलवत होत्या. आता त्या थांबल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण मला नजर वर करवेना.

"भावजी, कोयता धरला त्याचं न्हाई मी म्हणत. गाव धरतं, आमी बी धरला. पण आमच्या मंदाच्या सोयरिकीला पाव्हणे आलते. त्यांनी ह्यांच्या तोंडावर इचारलं, दुधाची गाडी झोपेत बंद पाडली ते तुमीच का म्हणून. ह्ये मान खाली घालून बसले. ते त्या वहीत लिवलंय ना अजून?"

मी म्हणालो, हो.

"मग हितं कशाला सांगताव?"

चहा झाला. साखर जास्त होती. मी दुकानात परत आलो.

*

टोपणं मी नवी केली. घाई केली नाही, करताच येईना. जुना रंग सगळा उतरवला, माझे दोन्ही हात. धातू उघडा पडला तेव्हा तो तसा काही वाईट नव्हता. त्याचा स्वतःचा एक मळकट पांढरा रंग असतो, तो मला तरुणपणी रंग वाटलाच नव्हता. बारीक पेपरनं घासला, कान, बोल्टांच्या जागा, पट्टीची जागा कागदी टेपनं झाकली आणि बाकीच्याला एकच पातळ हात दिला. टेप सोलून काढली. कान उघडे, मळकट. अमोल येऊन बघून म्हणाला, काका, इथं राहिलं. मी म्हटलं, राहिलं न्हाई. ठेवलंय.

मग त्याला म्हटलं, सभेपर्यंत माझ्याकडंच राहू दे.

संस्थेची वार्षिक सभा पोळ्याच्या आसपास असते. तोवरही पाऊस नव्हता. डेअरीच्या पत्र्याखाली सतरंज्या, पंखे बंद, लाईट गेलेली. आमची सभा कशी चालते ते सांगायला हवं. मागच्या सभेचा वृत्तांत सचिव एका दमात वाचतो, लोक 'मंजूर, मंजूर' म्हणतात. मग फॅटवरून भांडण. आपल्याच दुधाला फॅट कमी लावली असं प्रत्येकाला वाटतं. आणि सगळ्यात शेवटी येतो तो विषय: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. तो दर वर्षी छापलेला असतो आणि दर वर्षी त्यात कुणी काही बोलत नाही, कारण तोवर चिवड्याच्या पुड्या दारात आलेल्या असतात आणि सगळ्यांची नजर तिकडं.

अमोलनं विचारलं, ऐनवेळचे विषय? आणि पुड्यांकडं हात केला. मी उभा राहिलो.

मागून कुणीतरी म्हणालं, फॅटचं असंल तर बस बे, झालंय ते. लोक हसले. मी पिशवीतून अल्टरनेटर काढून टेबलावर ठेवला. हसणं जरा कमी झालं. मी म्हणालो, त्या दुष्काळात दुधाची जीप बंद पडली होती, त्याबद्दल बोलायचंय. अमोल खाली वाकून हळूच म्हणाला, काका, जुनं झालं ते, आबांच्या काळातलं. मी म्हणालो, वहीत लिवलेलं जुनं होत न्हाई, तू सचिवाला लिहायला सांग.

माझ्या खिशात कागद होता. चार दिवस बसून शुद्ध भाषेत लिहिला होता, सन्माननीय सभासद बंधूंनो पासून. तो मी काढलाच नाही. बाजूच्या सतरंजीवर बायकांमध्ये वहिनी होत्या; त्याही सभासद, दीड लिटर दूध घालतात. नाना खांबाला टेकून बसलेले, पंचा मांडीवर. त्यांनी हातानं मला खाली बस अशी खूण केली. वहिनींनी केली नाही.

मी सचिवाच्या पेनाकडं बघत बोलायला सुरुवात केली, मग लक्षात आलं की असं चालणार नाही, आणि मान वळवून नानांकडं बघितलं.

"नाना, लाल दिवा लागत न्हाई म्हणून तुमी मला येऊन सांगितलं व्हतं. म्या मान सुदिक वर केली न्हाई. रंग लावू नये तिथं म्या लावला, गाडी त्यानं बंद पडली, दूध त्यानं नासलं. दिवे चालू नव्हते. तुमी झोपला नव्हता. निंबाखाली मला समदं कळलं व्हतं, अन् तरी दुसऱ्या दिशी हितंच उभा राहून म्या तुमचं नाव घालवलं. वहिनी, तुमचं बी. मी चुकलो. मला माफ करा."